सांबर आणि फॅलो हरणासाठी रायफलचे काडतूस निवडताना

मूळचे देवरूखचे आणि सध्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या गिप्सलँड भागात नोकरीला असलेले एक तरुण गृहस्थ विचारतात, की तेथील बंदुकीचा परवाना आणि हरणांच्या शिकारीचे गेम लायसन्स हातात आल्यावर त्यांना आता पहिली बोल्ट ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस भरायची) रायफल घ्यायची आहे. डोंगरातले सांबर आणि कुरणांच्या कडेने फिरणारे फॅलो हरीण या दोन्हींसाठी ती एकच रायफल पुरावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. दुकानदार ६.५ क्रीडमूर हे काडतूस सुचवतो, कामावरचे सहकारी .३०० विंचेस्टर मॅग्नमशिवाय सांबर जागेवर पडत नाही असे सांगतात, आणि गावी काकांकडे .३१५ ची परवान्याची जुनी रायफल असल्यामुळे तिच्या अनुभवावरून काही ठरवता येईल का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, पुढे बरीच वर्षे व्हिक्टोरियातच बंदुकांच्या दुरुस्तीच्या एका कार्यशाळेत काम केले आणि आता गुहागर तालुक्यात स्थायिक झालो आहे. त्यामुळे दोन्हीकडची हत्यारे आणि दोन्हीकडचे गैरसमज माझ्या परिचयाचे आहेत. माझे उत्तर असे, की .३०८ विंचेस्टरची रायफल घ्या आणि तिच्यात १६५ ग्रेन (गोळीचे वजन मोजण्याचे एकक; पंधरा-साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) वजनाची, आतले शिसे व बाहेरचे तांब्याचे आवरण एकमेकांना पक्के सांधलेली, म्हणजे दुकानात जिला ‘बाँडेड’ म्हणतात ती, शिकारी गोळी वापरा. मात्र प्रश्नात तीन-चार काडतुसांची नावे असली, तरी गोळीच्या घडणीचा उल्लेख कोठेही नाही. सांबर पडते की जखमी होऊन निसटते, हे नावापेक्षा त्या घडणीवर अधिक ठरत असल्यामुळे उत्तराचा मोठा भाग मी तिच्यावर खर्च करणार आहे.

त्याआधी एक खुलासा, कारण हे उत्तर कोकणातल्या घरांतूनही वाचले जाईल. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. सह्याद्रीतले सांबर, आपल्या राईंतून रात्री भुंकणारे भेकर, चितळ, पिसोरी यांपैकी कोणत्याही जनावरावर बार काढणे हा गुन्हा आहे, आणि शिमग्यातली गावपारध कितीही जुनी असली तरी तिला यातून सूट नाही. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. भाताची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी आधी हातात असावी लागते. व्हिक्टोरियातील स्थिती निराळी आहे. तेथे सांबर हे मूळचे जनावर नाही. १८६०च्या दशकात ते बाहेरून आणून सोडले गेले आणि डोंगराळ जंगलात त्याची संख्या एवढी वाढली, की आज त्याची शिकार परवान्याखाली आणि ठरलेल्या नियमांनी चालते. पुढे जे लिहितो ते त्या परवान्याच्या चौकटीत राहून केलेल्या शिकारीपुरते आहे.

निवडीची सुरुवात जनावराच्या शरीरापासून करावी. तुमच्या यादीतील दोन जनावरांत फार मोठा फरक आहे. फॅलोची मादी चाळीस किलोच्या आसपास असते आणि चांगला नर ऐंशी-नव्वद किलोपर्यंत जातो. सांबराचा पूर्ण वाढलेला नर मात्र दोनशे किलोच्या वर आणि कधी तीनशेच्या जवळही भरतो. केवळ वजनच नव्हे, तर त्याची कातडी जाड असते, मानेभोवती राठ केसांची आयाळ असते, चिखलात लोळण्याची सवय असल्यामुळे अंगावर वाळलेल्या मातीचा थर असतो आणि खांद्याचे हाड भक्कम असते. फॅलोच्या छातीत फुप्फुसापर्यंत पोहोचायला गोळीला जेवढे अंतर कापावे लागते, त्याच्या जवळपास दुप्पट अंतर तिला तिरपे उभ्या असलेल्या सांबरात कापावे लागते, आणि तेही हाड फोडून. एकच काडतूस दोघांना चालवायचे असेल, तर ते सांबराच्या हिशेबाने निवडावे आणि फॅलोवर त्याचा अतिरेक होणार नाही एवढी काळजी घ्यावी. उलट दिशेने विचार करणाऱ्यांची सांबरे जखमी होऊन दरीत उतरतात.

कायद्यानेही हाच विचार मान्य केला आहे. व्हिक्टोरियाच्या २०१२ च्या नियमावलीने सांबर, रेड आणि रुसा या मोठ्या हरणांसाठी किमान .२७० इंच व्यासाची आणि किमान १३० ग्रेन वजनाची गोळी ठरवली होती, तर फॅलो, चितळ आणि हॉग डिअर यांच्यासाठी .२४३ इंच आणि ८० ग्रेन एवढी मर्यादा होती. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने रेड हरणासाठी १०० ग्रेनची गोळी, सेकंदाला २४५० फूट वेग आणि १७५० फूट-पौंड ऊर्जा असे तीन किमान आकडे घातले आणि त्यासोबत गोळी आघाताने फुलणारीच असली पाहिजे असेही बजावले. नियमावली नव्याने निघते तेव्हा असे आकडे बदलतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी तेथील शिकारीचे नियमन करणाऱ्या गेम मॅनेजमेंट अथॉरिटीचे चालू कोष्टक स्वतः वाचावे आणि दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. ६.५ क्रीडमूरच्या गोळीचा व्यास .२६४ इंच असतो, त्यामुळे २०१२ च्या मर्यादेत ६.५ क्रीडमूर सांबरासाठी थोडक्यात पण निश्चितपणे बसत नव्हते. दुकानात ते काउंटरवर हसतमुखाने विकले जात होते आणि त्याच आठवड्यात डोंगरात ते बेकायदेशीर ठरत होते, कारण विकणाऱ्याला तुम्ही कोणते जनावर मारणार हे विचारण्याचे बंधन नसते.

आता गोळीकडे वळू. लष्करात वापरली जाणारी गोळी सगळीकडून आवरणात बंद असते. ती शरीरातून जाते तेव्हा आकार फारसा न बदलता पार होते आणि बहुधा मागे अरुंद छिद्र ठेवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात टोक उघडे ठेवलेली गोळी बनली आणि तिने होणारी जखम पाहून १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई केली. शिकारीत मात्र नियम नेमका उलटा आहे. तेथे जनावराला लवकरात लवकर मरण यावे हाच हेतू असल्यामुळे फुलणारी गोळीच वापरावी लागते आणि पूर्ण आवरणाची गोळी अनेक देशांत हरणांसाठी कायद्यानेच वर्ज्य आहे. स्वस्तात मिळणाऱ्या लष्करी धाटणीच्या काडतुसांचा डबा निशाणेबाजीच्या सरावाला घ्यावा, जंगलात नेऊ नये. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या रायफलींच्या पिशव्यांत दोन्ही प्रकारची काडतुसे एकत्र मिसळलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत आणि मालकाला त्याचे काही वाटत नसे, हे त्याहून वाईट.

फुलणारी गोळी म्हणजे आघात झाल्यावर पुढचे टोक मागे वळून अळंबीसारखी पसरणारी गोळी. ती किती लवकर पसरते आणि पसरल्यावर तिचे किती वजन शाबूत राहते, या दोन गोष्टींवर तिचे सगळे वागणे अवलंबून असते. साध्या मऊ टोकाच्या गोळीत शिशाभोवती तांब्याचे पातळ आवरण असते आणि दोहोंना जोडणारे काही नसते. फॅलोच्या बरगडीवर ती उत्तम काम करते. पण जवळून, पूर्ण वेगात सांबराच्या खांद्याच्या हाडावर आदळली तर आवरण आणि शिसे एकमेकांपासून सुटतात, गोळीचे तुकडे होतात आणि वरवरची मोठी जखम होऊन फुप्फुस मात्र शाबूत राहते. हा अनुभव नवा नाही. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या एका मूसवर (तिकडच्या अजस्र हरणावर) जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या अशाच वरचेवर फुटल्या आणि त्यातून त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली. पुढचा अर्धा भाग पसरतो आणि भिंतीमागचा अर्धा भाग खोल शिरत राहतो. चिखलात लोळणाऱ्या सांबराच्या शिकाऱ्याने ही हकीकत जरूर लक्षात ठेवावी.

पार्टिशननंतर दोन वाटा निघाल्या. एक बाँडेड गोळीची, जिच्यात शिसे आवरणाला सांधलेले असल्यामुळे ती पसरते पण विस्कटत नाही. दुसरी संपूर्ण तांब्याच्या गोळीची. बार्न्स कंपनीने १९८९ साली अशी गोळी बाजारात आणल्यानंतर ती रूढ झाली. तांब्याची गोळी जवळपास सगळे वजन राखते आणि खोल जाते. मांसात शिशाचे बारीक कण राहत नाहीत, हा तिचा आणखी एक लाभ आहे आणि घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर तो लाभ मी क्षुल्लक मानत नाही. तिच्या अडचणीही आहेत. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी हलकी गोळी निवडावी लागते, म्हणजे .३०८ मध्ये १६५ ऐवजी १५० ग्रेन. आणि ती नीट पसरायला वेग जास्त लागतो. दूरवरच्या, कमी वजनाच्या फॅलो मादीच्या बरगड्यांतून मंदावलेली तांब्याची गोळी न पसरता निघून जाऊ शकते. दोन्ही जनावरे एकाच गोळीने करायची असल्यामुळे मी बाँडेडकडे झुकतो. .३०८ मधील १६५ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि ३०० मीटरवरही तिचा वेग ६०० मीटरच्या वर असतो. बाँडेड गोळी पसरायला एवढा वेग पुरेसा होतो. केवळ सांबराचीच शिकार करणाऱ्याला मी तांब्याची गोळी निःशंकपणे सांगितली असती.

तुमच्या सहकाऱ्यांच्या ‘जागेवर पडत नाही’ या तक्रारीचे उत्तरही येथेच आहे. काडतुसाच्या डब्यावर छापलेली ऊर्जा जनावराला ढकलून पाडत नाही. मेंदू किंवा कणा सापडला तरच ते त्याच जागी कोसळते. हृदय आणि फुप्फुसातून आरपार गेलेली गोळी रक्तदाब कोसळवून मारते आणि त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात सांबर पन्नास-शंभर मीटर सहज पळते, मग गोळी .३०८ ची असो की .३०० मॅग्नमची. गिप्सलँडच्या ओढ्यांत नेचे आणि ब्लॅकबेरीची जाळी इतकी दाट असते, की पन्नास मीटरवर मरून पडलेले जनावर दिसत नाही. अशा ठिकाणी उपयोगी पडते ते रक्त, आणि रक्त भरपूर सांडायचे असेल तर गोळी आत शिरली त्या बाजूबरोबरच पलीकडच्या बाजूलाही भोक पडले पाहिजे. वजन राखून आरपार जाणारी गोळी मी एवढ्या आग्रहाने सांगतो, त्यामागे हे कारण आहे. अर्थात मारा चुकीच्या जागी झाला तर कोणतीही गोळी तुमची बाजू सावरू शकत नाही. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जावे आणि छातीच्या उंचीच्या खालच्या तृतीयांशावर नेम धरावा. सांबराचे हृदय आपल्याला वाटते त्याहून खाली असते आणि नवशिक्याचा बार बहुधा उंच जातो.

एवढे समजल्यावर काडतुसांची नावे लवकर हातावेगळी करता येतात.

.२४३ विंचेस्टर हे .३०८ चीच पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) तोंडाशी आवळून १९५५ साली काढलेले, सौम्य धक्क्याचे काडतूस आहे. १०० ग्रेनची गोळी त्यातून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते. केवळ फॅलोसाठी रायफल हवी असती तर मी तुम्हाला तीच सांगितली असती. सांबरासाठी ती २०१२ च्या नियमातही बसत नव्हती आणि माझ्या बुद्धीलाही पटत नाही.

६.५ क्रीडमूर २००७ साली निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी निघाले आणि त्या कामात ते खरोखर उत्कृष्ट आहे. लांब, निमुळती गोळी वाऱ्याला कमी बधते आणि दूरवर वेग टिकवते. परंतु सांबराची गाठ पडते ती बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आत, झाडीत. तेथे वाऱ्याचा हिशेब करण्याची वेळच येत नाही. क्रीडमूरचा खरा गुण तुमच्या उपयोगाचा नाही आणि कायद्याची शंका मात्र पदरात पडते. दुकानदाराचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसावा. सध्या जे खपते ते तो सुचवतो.

.२७० विंचेस्टर १९२५ पासून चालत आले आहे. १३० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९३० मीटर वेगाने जाते आणि मोकळ्या डोंगरउतारावर तिच्याइतका सरळ मार्ग थोड्याच काडतुसांना असतो. अट एवढीच, की त्या वेगाला साधी मऊ गोळी जवळच्या सांबरावर टिकत नाही. बाँडेड किंवा तांब्याचीच घ्यावी लागते, आणि जमल्यास १५० ग्रेनची. कोणाला वारशाने .२७० मिळाली असेल तर ती विकून .३०८ घेण्याचे काहीही कारण नाही. ७ एमएम-०८ रेमिंग्टन हेही .३०८ च्याच पुंगळीतून निघालेले, १४० ग्रेनच्या गोळीने सांबराला पुरणारे आणि खांद्याला थोडे सौम्य असे शहाणे काडतूस आहे. सडपातळ बांध्याच्या माणसाला मी तेच सुचवतो. केवळ लहान गावातल्या दुकानात त्याचे डबे कमी असतात.

.३०-०६ हे १९०६ सालचे अमेरिकी लष्करी काडतूस. १८० ग्रेनची गोळी ते .३०८ पेक्षा सेकंदाला पंचवीसेक मीटर अधिक वेगाने फेकते, आणि तेवढ्यासाठी रायफलची यंत्रणा लांब व किंचित जड होते. फरक कागदावर दिसतो, सांबराला जाणवत नाही.

राहिले १९६३ साली निघालेले .३०० विंचेस्टर मॅग्नम. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर, म्हणजे ऊर्जा ४७०० ज्यूलच्या घरात; .३०८ च्या १५० ग्रेन गोळीची साडेतीन हजारांच्या आसपास असते. ही ताकद खोटी नाही. तीनशे मीटरपलीकडच्या दरीच्या दुसऱ्या अंगाला उभ्या असलेल्या नरावर तिचा उपयोग होतो, आणि तेवढ्या अंतरावर खात्रीने मारणारे हात ज्याचे आहेत त्याने ती अवश्य वापरावी. पण तिची किंमत खांद्याला मोजावी लागते. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०८ चा धक्का .२४३ च्या जवळपास दुप्पट असतो आणि मॅग्नमचा .३०८ च्या दीडपटीहून कमी नसतो. डोंगर चढण्यासाठी हलकी रायफल घेतली की तो आणखी वाढतो. पहिलीच रायफल मॅग्नम घेणाऱ्याला डोळे मिटून चाप ओढण्याची सवय लागते, आणि एकदा लागलेली ही सवय घालवायला मूळ नेमबाजी शिकण्यापेक्षा जास्त काळ लागतो. तुम्हाला ती लागली आहे का हे पाहण्याचा सोपा मार्ग असा, की रेंजवर सोबत्याला मॅगझिन भरायला सांगावे आणि खऱ्या काडतुसांत एक-दोन नकली काडतुसे त्याने तुमच्या नकळत घालावीत. नकली काडतुसावर चाप ओढला जाताना नळी खाली झुकली, तर दोष काडतुसात नाही हे तुम्हाला आणि सोबत्यालाही दिसते. सहकाऱ्यांकडे मॅग्नम असूनही सांबर निसटत असतील, तर ही परीक्षा त्यांनाही द्यायला सांगा.

आणखी एक समजूत दोन्हीकडे ऐकू येते, की जड आणि मंद गोळी झुडपातून सरळ जाते. कोणतीही गोळी जात नाही. बोटाएवढ्या फांदीला लागलेली गोळी दिशा बदलते किंवा वाटेतच पसरू लागते, आणि जनावर त्या फांदीपासून जितके मागे असेल तितका मारा भरकटतो. झाडीतून वाट दिसत नसेल तर थांबणे एवढाच उपाय आहे.

रायफल घेतल्यावर एकाच प्रकारच्या काडतुसाचा मोठा साठा लगेच करू नका. १६५ ग्रेनच्या बाँडेड गोळीचे दोन-तीन कंपन्यांचे एकेक डबे आणा, प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्यांचे गट शंभर मीटरवर कागदावर मारून पाहा आणि तुमच्या नळीला जे मानवते ते ठरल्यावर त्याच लॉट क्रमांकाचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, डबे एकदम घ्या. एकाच कारखान्यातून एकापाठोपाठ निघालेल्या दोन रायफलीही सारखे काडतूस पसंत करतील याचा भरवसा नसतो. पुंगळीच्या बुडावर कोरलेले नाव आणि नळीवर कोरलेले नाव अक्षरशः जुळले पाहिजे; ‘जवळपास तेच आहे’ या विचाराने दुसरे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या खोबणीत) बसवणाऱ्यांच्या फुटलेल्या रायफली मी उघडल्या आहेत. दोनशे मीटरवर झीरो केलेल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि मारा जुळवलेल्या, .३०८ ची गोळी शंभर मीटरवर पाचेक सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेवर साधारण पाव मीटर खाली. सांबराच्या हृदय-फुप्फुसाचा पट्टा पंचवीस सेंटिमीटरहून मोठा असतो, त्यामुळे दोनशे मीटरपर्यंत नेम वरखाली करण्याचा विचारच करावा लागत नाही. फॅलोचा पट्टा मात्र पंधरा-अठरा सेंटिमीटरचाच असतो, तेथे दीडशेच्या पुढे सावध राहावे. नवख्याने पहिल्या हंगामात दीडशे मीटरपलीकडे मारूच नये असे माझे मत आहे, आणि ते काडतुसाच्या क्षमतेवरून बनलेले नाही. फॅलोवर ही गोळी गरजेपेक्षा थोडी जड पडते, म्हणून खांदा टाळून त्याच्या किंचित मागे, बरगड्यांत मारावे. मग पुढच्या पायाचे मांस वाया जात नाही.

काकांच्या .३१५ विषयी. लष्कराच्या आणि पोलिसांच्या वापरातली .३०३ आपल्याकडे नागरी परवान्यावर मिळत नसल्यामुळे इच्छापूरच्या कारखान्याने ८×५० मॅनलिकर या जुन्या ऑस्ट्रियन पुंगळीवर आधारलेली ही रायफल नागरिकांसाठी बनवली. तिची गोळी २४४ ग्रेनची, जड आणि मंद असते. जवळच्या अंतरावर ती खोल शिरते, आणि जुन्या शिकाऱ्यांना तिच्याविषयी वाटणारा आदर त्या वजनातून आलेला आहे. गोळीचे वजन टिकले तर वेग कमी असूनही काम होते, एवढा धडा तिच्याकडून जरूर घ्यावा. पण तिच्यावरचे अंतराचे अंदाज विसरून जावेत, कारण मंद गोळी शंभर मीटरपलीकडे झपाट्याने खाली येते आणि तिच्यावर दुर्बीण नसल्यामुळे कोणी तेवढ्या लांब मारलेलेही नसते. बारा बोरच्या छऱ्यांचा अनुभव तर येथे जवळजवळ निरुपयोगी आहे. छरे चाळीस मीटरवर आपले काम संपवतात. .३०८ ची गोळी उंच कोनात सुटली तर चार किलोमीटर जाते. सड्यावर कातळाला लागून उसळलेला बार आपल्याकडेही माणसे ओळखून असतात; डोंगरमाथ्याच्या रेषेवर, मागे केवळ आकाश असताना उभ्या असलेल्या सांबरावर रायफल कधीही झाडू नये, कारण पलीकडच्या दरीत कोणाचा तंबू आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.

साठवणीबाबत कोकणातली सवय तुमच्या कामी येईल. कागदी पुंगळीची बारा बोरची काडतुसे पावसाळ्यात फुगून नळीत न बसल्याचे आपल्या घरांतून सगळ्यांनी पाहिले आहे. पितळी काडतूस फुगत नाही, पण खाऱ्या हवेत काळवंडते, आणि चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोचून ठेवले तर चामडे कमावण्याच्या द्रव्यामुळे त्यावर हिरवा, चिकट थर चढतो. असे काडतूस चेंबरमध्ये अडकते. ती मूळ डब्यातच, कोरड्या जागी, तेथील कायद्याप्रमाणे रायफलपासून वेगळी कुलुपात ठेवावीत आणि पट्टा फक्त शिकारीच्या दिवसापुरता भरावा. पुंगळीला तेल लावून ठेवण्याची काही घरांतली रीत मात्र सोडून द्यावी. तेल पुंगळीच्या बुडातील, बार पेटवणाऱ्या टोपीत झिरपते आणि बार फुसका निघतो.

मे महिन्यात गावी येणार आहात, तर निघण्यापूर्वी शिकारीला वापरलेले जॅकेट, पाठीवरची पिशवी आणि तिचे सगळे आतले खिसे उलटे करून झाडा. विसरून राहिलेले एकच जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर तपासणीत सापडले, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि परदेशातील परवाना दाखवून तो तेथल्या तेथे मिटत नाही. काकांना .३०८ ची रिकामी पुंगळी दाखवण्याची हौस असेल तर तीही आणू नका, छायाचित्र आणा. त्यांच्या .३१५ ला हात लावण्याचा प्रश्नही तेवढाच स्पष्ट आहे, ती त्यांच्या परवान्यावरची आहे आणि तुमचे नाव त्यावर नाही.